फॉर्म भरून झाले, आता परत कधी जाणार?

इंडोनेशियातल्या कुठल्याही युनिव्हर्सिटीचं जर्नल उघडा, कॉमर्सचं असो, एज्युकेशनचं असो नाहीतर समाजकार्याचं, शीर्षकांचा साचा लगेच लक्षात येतो. अमक्याचा तमक्यावर परिणाम. आर्थिक साक्षरतेचा कॉलेजच्या मुलांच्या खर्चावर परिणाम, आईवडिलांच्या उत्पन्नाचा मुलांच्या मार्कांवर परिणाम, गटात शिकवण्याचा पाचवीच्या गणितावर परिणाम. परिणामाला तिकडे 'पंगारुह' म्हणतात, आणि हा शब्द शीर्षकांत इतक्यांदा येतो की भाषा न येणाऱ्यालाही चार दिवसांत पाठ होतो. आत गेलं की शंभर-दोनशे जणांची प्रश्नावली, एक ते पाच पर्याय, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधून काढलेले तक्ते, आणि शेवटी एक वाक्य की परिणाम लक्षणीय आहे.

आणि स्लोविनचं सूत्र. किती लोकांना प्रश्न विचारायचे हे ठरवायला तिथली मुलं हे सूत्र हमखास लावतात. समजा विभागात ४०० विद्यार्थी आहेत आणि ५ टक्के चूक चालणार आहे, तर ४०० ला (१ + ४०० × ०.०५ × ०.०५), म्हणजे २ ने भागायचं, २०० जण घ्यायचे, झालं. कुठले २०० घ्यायचे, ते खरं सांगतायत का, मुळात प्रश्न बरोबर आहे का, यातलं काही ते सूत्र सांगत नाही, पण पेपरात ते असलं की काम शास्त्रीय झाल्यासारखं वाटतं.

मी कॉमर्स शिकवते, घरखर्च आणि बचत हा माझ्या आवडीचा विषय, आणि हे पेपर मी गेली काही वर्षं सवड मिळेल तसे वाचतेय. भाषा थोडी थोडी शिकले, आणि मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाहीये हो. गावाला 'देसा', निधीला 'दाना', विद्यार्थ्याला 'सिस्वा' म्हणजे आपला शिष्य आणि कॉलेजात गेला की 'महासिस्वा', कुटुंबाला 'कलुआर्गा', जो मुळात कुलवर्ग आहे. लिपी रोमन, त्यामुळे वाचायला अडत नाही. सांगायचं कारण म्हणजे या पेपरांना नावं ठेवणारे मला बरेच भेटतात, आपल्याकडचेही आणि तिथलेही, की हे काय संशोधन आहे, एक वर्ग, एक गाव, दोनशे फॉर्म. मला हे पटत नाही. अभ्यास छोटा असणं हा दोषच नाही. दोष हा की माणूस एकदाच जातो, फॉर्म भरून घेतो, आणि पुन्हा त्या गावात, त्या वर्गात, त्या घरात पाऊल टाकत नाही. संशोधन चांगलं की वाईट हे ठरवायला मला आता एकच प्रश्न पुरेसा वाटायला लागलाय, परत गेला होतात का?

आधी तिथलं चांगलं काय ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. इंडोनेशियात कॉलेजच्या प्राध्यापकाची कामं तीन, शिकवणं, संशोधन आणि लोकांची सेवा. याला ते 'त्रिधर्म' म्हणतात, आणि २०१२ च्या उच्चशिक्षण कायद्यातच ते लिहिलेलं आहे. म्हणजे गावात जाऊन काम करणं ही हौस नाही, नोकरीचा भाग आहे. विद्यार्थ्यांसाठीही 'कुलिआह कर्जा न्याता' म्हणून प्रकार आहे, थोडक्यात केकेएन, ज्यात पोरं दीड-दोन महिने गावात लोकांच्या घरी राहून काम करतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गाजा मादा, हसनुद्दीन आणि अंदालस अशा तीन युनिव्हर्सिट्यांनी हे करून बघितलं आणि मग देशभर पसरलं. आपल्याकडे १९६९ पासून एनएसएस आहे, सात दिवसांचं शिबिर असतं, चांगलंच असतं, पण सात दिवस आणि पन्नास दिवस यात फरक आहे. सात दिवसांत तुम्ही पाहुणे असता, पन्नास दिवसांत घरातली भांडणं कळतात.

दुसरं, हे सगळं त्यांच्या स्वतःच्या भाषेत आणि फुकट वाचायला मिळतं. २०१९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकाने बातमी दिली होती की २०१७ साली इंडोनेशियातल्या संशोधकांचे जे सुमारे २०,००० लेख आले त्यातले ८१ टक्के कुणालाही पैसे न देता वाचता येत होते, जगात सगळ्यात जास्त. म्हणजे मध्य जावातल्या एखाद्या शाळेच्या बाईंना आपल्याच जिल्ह्यातल्या वर्गावर काय लिहिलंय ते मोबाईलवर, आपल्या भाषेत वाचता येतं. मराठीत हे शोधून बघा. आपल्या तालुक्यातल्या बचत गटांवर, साखर कारखान्याच्या मजुरांच्या मुलांच्या शाळेवर पीएचड्या झालेल्या असतात, पण त्यातल्या बऱ्याच इंग्रजीत, आणि ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना त्या कधी दिसतच नाहीत. या बाबतीत इंडोनेशिया आपल्या पुढे आहे आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटतो.

मग बिघडलं कुठे? मोजणीत. २०१२ च्या जानेवारीत तिथल्या उच्चशिक्षण खात्याचं एक पत्र निघालं की पदवी घ्यायची तर जर्नलमध्ये लेख हवा, अगदी बीएच्या पातळीच्या मुलालासुद्धा. एवढी जर्नल्स होती कुठे? मग जर्नल्स निघाली, हजारोंनी निघाली. २०१७ मध्ये 'सिंता' नावाची सरकारी यादी आली, जर्नल्सना एक ते सहा अशी श्रेणी, आणि त्याच वर्षी प्रोफेसरांचा भत्ता आंतरराष्ट्रीय लेखांशी जोडला गेला. शाळेच्या शिक्षकांना तर २००९ च्याच नियमाने बढतीसाठी लेखन लागू झालं होतं. बढतीसाठी जे गुण जमवावे लागतात त्यांना तिथले प्राध्यापक 'कुम' म्हणतात, कुणी घाईत लेख पाठवत असला की समजायचं कुम कमी पडतायत. आपल्याकडे २०१० मध्ये यूजीसीने एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत, आणल्यावर काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आमच्या स्टाफरूममध्ये वर्षभर दुसरा विषय नव्हता. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने पदवीसाठी प्रबंधाची सक्ती काढली, विभागाने प्रकल्प वगैरे दुसरं काही घेतलं तरी चालेल म्हणून, त्याने थोडा दाब कमी होईल. पण दाब कमी झाला म्हणजे काम सुधारलं असं होत नाही.

गुणांसाठी काम केलं की काय होतं ते बघा. सेवेचा लेख लिहायचाय, मग एका दिवसाचं शिबिर घ्यायचं, बायकांना घरखर्चाची वही कशी लिहायची ते शिकवायचं, पाठीमागे मोठा फ्लेक्स, सगळ्यांचा ग्रुप फोटो, सुरुवातीला दहा प्रश्न आणि शेवटी तेच दहा प्रश्न, दुसऱ्या वेळी उत्तरं जास्त बरोबर येणारच, दोन तासांपूर्वी सांगितलंय ना. लेखात येतं की ज्ञान वाढलं. ती वही तिसऱ्या महिन्यात कुणी लिहित होतं का? ते बघायला कुणी गेलेलं नसतं. शाळेतलंही तसंच. वर्गातल्या कृतीसंशोधनाला तिकडे पीटीके म्हणतात, कल्पना फार छान आहे, शिक्षकाने स्वतःच्याच वर्गात काहीतरी बदलून बघायचं, निरीक्षण करायचं, विचार करायचा, पुन्हा बदलायचं. पण ठरल्यासारखी दोन चक्रं होतात, पहिल्या चक्रात निम्मी मुलं पास, दुसऱ्या चक्रात बहुतेक सगळी पास, आणि लेख संपतो. मुलं पुढच्या वर्षी कुठे होती? २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत इंडोनेशियातली १५ वर्षांची फक्त १८ टक्के मुलं गणितात किमान पातळीला पोचली, ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटात ते प्रमाण सरासरी ६९ टक्के होतं. इतक्या वर्गांत, इतकी वर्षं, इतक्या शिक्षकांनी लिहिलं की मुलं सुधारली, आणि देशाचा आकडा हा. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघितल्या की पोटात गलबलतं.

आणि आर्थिक साक्षरता, माझा विषय. तिथली वित्त नियामक संस्था ओजेके याचं सर्वेक्षण करते. २०१९ मध्ये साक्षरता ३८.०३ टक्के आणि बँक, कर्ज, विमा यातलं काहीतरी वापरणारे ७६.१९ टक्के. २०२२ मध्ये ४९.६८ आणि ८५.१०. म्हणजे वापरणारे पुष्कळ, समजणारे त्या मानाने कमी, आणि मधल्या जागेत 'पिंजोल' उभा असतो, म्हणजे मोबाईलवरचं झटपट कर्ज, ज्यातल्या बेकायदा लोकांच्या वसुलीने तिथे माणसं अक्षरशः हैराण झालीयत. इतका जळता प्रश्न, आणि विद्यार्थ्यांचे पेपर बघाल तर एकामागून एक आपल्याच वर्गातल्या मुलांना विचारलेले, कारण ती हाताशी असतात. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याचा फोन दिवसभर वाजतोय, तो या फॉर्ममध्ये नसतो.

आता परत जाणाऱ्यांचं सांगते. १९९३ मध्ये एक सर्वेक्षण सुरू झालं, इंडोनेशियातल्या कुटुंबांचं जीवन असंच त्याचं नाव, इंग्रजी आद्याक्षरांनी आयएफएलएस. तेव्हाच्या २७ पैकी १३ प्रांत, ७,२२४ घरं. अमेरिकेतली रँड ही संशोधन संस्था आणि इंडोनेशियातल्या युनिव्हर्सिट्यांची लोकसंख्या केंद्रं यांनी मिळून केलं. मग १९९७ ला परत गेले, २००० ला गेले, २००७ ला, २०१४ ला. पोरगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर तिला तिथे जाऊन गाठलं, मुलगा कामासाठी शहरात गेला तर त्याचा पत्ता काढला, आणि दर फेरीला जुन्या घरांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त घरं सापडली. घरं फुटली, नवी झाली, २०१४ पर्यंत संख्या १६ हजारांवर गेली. आणि सगळा डेटा कुणालाही मागून घेता येतो.

१९९७ ची फेरी संपत होती तेव्हाच संकट आलं. डॉलरला २,४०० च्या आसपास असलेला रुपिया काही महिन्यांत १५,००० च्याही पलीकडे घसरला, १९९८ मध्ये महागाई ७८ टक्क्यांच्या घरात. सर्वेक्षणवाल्यांनी काय केलं, ठरलेल्या वेळेची वाट न बघता १९९८ च्या उत्तरार्धात एक चतुर्थांश घरांकडे पुन्हा गेले. त्यामुळे तीच घरं आधी कशी होती आणि आग लागल्यावर कशी आहेत हे समोरासमोर दिसलं. आणि काय दिसलं? ज्या घरांत सोनं होतं ती घरं तरली. रुपिया पडला तसा सोन्याचा भाव रुपियात चढला, बायकांच्या अंगावरच्या बांगड्या-साखळ्यांनी घरातलं जेवण सांभाळलं. ज्याला आपण शिकलेली माणसं अडकून पडलेला पैसा म्हणतो, मी स्वतः वर्गात म्हटलंय, तो खरं म्हणजे त्या घराचा विमा होता. आणि दुसरं, शाळेवरचा खर्च गरीब घरांनीच जास्त कापला, त्यातही मोठ्या भावंडाची शाळा टिकावी म्हणून धाकट्याची थांबवली. आईने रात्री बसून केलेला तो हिशोब, मोठा दोन वर्षांत कमावता होईल, धाकट्याचं बघू नंतर. घरखर्च, मुलांचं शिकणं, कुटुंबाचं भलं हे तीन विभाग जर्नलांनी वेगळे केलेत, त्या घरात ते एकाच ताटात वाढलेले होते. एकदाच गेलेल्या प्रश्नावलीत धाकट्यासमोर 'शाळेत जात नाही' एवढी टिक आली असती, कारण कळलं नसतं.

परत जाण्याने नुसती वेगळी माहिती मिळत नाही, उत्तर उलटंही होतं. २००५ च्या कायद्याने इंडोनेशियाने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांना मूळ पगाराइतकाच भत्ता द्यायचं ठरवलं, म्हणजे जवळपास दुप्पट पगार. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६० शाळांमध्ये प्रयोग म्हणून काही शाळांतल्या शिक्षकांना तो आधी मिळवून दिला आणि दोन-तीन वर्षं मागे लागून बघत राहिले. शिक्षक जास्त समाधानी झाले, पैशाची चिंता घटली, जोडधंदा करणारे कमी झाले. मुलांचे मार्क मात्र जसे होते तसेच राहिले. पहिल्याच महिन्यात जाऊन शिक्षकांना पाच पर्यायांचा फॉर्म दिला असता तर भत्त्याचा परिणाम लक्षणीय आहे असा झकास लेख झाला असता. आता यावरून कुणी म्हणेल की शिक्षकांना पगार देऊच नका, ते मला मान्य नाही, शिक्षकाच्या डोक्यावरचं कर्ज उतरणं हे स्वतःत चांगलंच आहे, पण त्याला मुलांच्या शिकण्याचं नाव देऊ नका, एवढंच.

उलट बाजूचंही एक आहे. १९७३ पासून पाच-सहा वर्षांत सरकारने तेलाच्या पैशातून ६१,००० हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. तेव्हा लगेच मोजलं असतं तर नुसत्या भिंती दिसल्या असत्या. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी १९९५ च्या सर्वेक्षणात ती मुलं मोठी झालेली शोधली, जिथे शाळा जास्त झाल्या तिथली मुलं जास्त वर्षं शिकली होती आणि पगारही जास्त मिळवत होती. वीस वर्षांनी उत्तर आलं.

गरीब कोण हे ठरवण्याचा अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो. अर्थशास्त्रज्ञ विवि अलातस, अभिजित बॅनर्जी (यांची आई मराठी, माहेरच्या पाटणकर), रेमा हॅना, बेन ओल्केन आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या ६४० वस्त्यांमध्ये बघितलं की मदत कुणाला द्यायची हे सरकारी यादीवरून ठरवलेलं बरं की गावाने ठरवलेलं. गावाच्या सभेत दोरी बांधली, एका टोकाला सगळ्यात गरीब, दुसऱ्या टोकाला बऱ्या स्थितीतले, प्रत्येक घराच्या नावाचं कार्ड, आणि लोकांना विचारायचं, हे घर त्या घरापेक्षा गरीब की बऱ्या स्थितीत? कार्ड सरकवत सरकवत सगळं गाव दोरीवर. घराचं छप्पर, फरशी, गाडी मोजणारी सरकारी पद्धत खर्चाच्या मापाने थोडी जास्त अचूक निघाली, पण लोक गावाने केलेल्या यादीवर जास्त खूश होते, कारण गावाला खर्चापलीकडचं दिसत होतं, कोण विधवा आहे, कोणाच्या हातात कमावण्याची ताकद आहे. आणि एक बारीक गोष्ट, सभा लांबली तशी शेवटची कार्डं चुकत गेली, लोक दमले. संशोधकांनी हे लपवलं नाही, मोजलं. लोकांना विचारण्यालाही त्यांचा वेळ आणि त्यांचा घाम लागतो हे इतक्या स्वच्छपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, यामागे मोठ्या संस्था, परदेशी पैसा, आणि तुम्ही जिल्ह्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाकडून ही अपेक्षा करता, ज्याला आठवड्याला भरपूर तास आहेत, वर वेगवेगळ्या पोर्टलांवर अहवाल भरायचेत. बरोबर आहे, पैसा लागतो, वेळ लागतो. पण परत जायला दरवेळी विमान लागत नाही. केकेएनची पोरं दरवर्षी कुठेतरी जातातच ना, मग एकाच गावात दहा वर्षं जाऊ देत, मागच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हातात देऊन. पीटीके करणाऱ्या शिक्षकाचे गुण दुसऱ्या चक्राला न देता ती मुलं पुढच्या इयत्तेत गेल्यावर द्या, तोच शिक्षक, तीच शाळा, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायचंय फक्त. आणि सेवेच्या लेखाला सहा महिन्यांनंतरचा एक परिच्छेद सक्तीचा करा, वही चालू आहे की बंद, बंद असेल तर का, आणि बंद असली तरी पूर्ण गुण द्या. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. अपयशाला गुण नाहीत म्हणून तर कुणी बघायला जात नाही.

शिवाय नियमित परत येण्याची सवय त्या समाजात मुळातच आहे. 'अरिसान' घ्या, आपली भिशीच ती, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठ्या स्ट्रॉच्या तुकड्यात गुंडाळून भोकाच्या झाकणाच्या ग्लासात घालतात आणि हलवत राहतात, एक तुकडा खाली पडला की तिचा नंबर. १९६२ मध्येच मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी जावातल्या अरिसानवर लिहिलं होतं. किंवा 'जिंपितान', दारात टांगलेल्या छोट्या डबीत रोज चिमूटभर तांदूळ टाकायचे, आता बहुतेक ठिकाणी नाणं, आणि रात्री गस्तीवरची माणसं घरोघर फिरून ते गोळा करणार. रोज रात्री, प्रत्येक दारात. ज्या गल्लीत ही पद्धत आहे त्याच गल्लीत आपण एकदा जाऊन प्रश्नावली भरून घेतो.

हे सगळं मी लांबून का लिहितेय असं वाटेल, तर याचं कारण इथलंच आहे. मुंबईत सुरू झालेल्या प्रथम संस्थेने २००५ पासून असरचं सर्वेक्षण केलं, आधी दरवर्षी, नंतर वर्षाआड, तेच सोपे उतारे, त्याच वजाबाक्या, म्हणून आज आपल्याला ग्रामीण मुलांच्या वाचनाबद्दल काहीतरी ठामपणे बोलता येतं. परत जाण्याची ताकद आपल्याला माहितीये. तरी दोन वर्षांपूर्वी मी माझ्या टीवायच्या मुलींना प्रोजेक्टसाठी जवळच्या गावातल्या एका बचत गटाकडे घेऊन गेले, पंधरा प्रश्नांचा फॉर्म, एक ते पाच पर्याय. समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्या एक ताई फॉर्म भरता भरता थांबल्या आणि विचारलं, "मॅडम, मागच्या साली पण कॉलेजच्या पोरी आलत्या, हेच इचारलं, त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याच कॉलेजच्या होत्या की दुसऱ्या हेही मला सांगता आलं नाही. त्यांनी फॉर्म पूर्ण भरून दिला, चहा पण पाजला.

ते सगळे फॉर्म माझ्याकडे कपाटात आहेत. दिवाळीनंतर मी ते घेऊन जाणार आहे, नवे प्रश्न न नेता. आधी त्यांचीच उत्तरं मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची, आणि मग त्या ताईंना विचारायचं की यातलं आता काय बदललंय.